मनू, ते दुसरं रोप उपटू नकोस

मनू, आधी एवढं ऐक: कुंडीतलं ते दुसरं रोप उपटू नकोस. आई म्हणतेय तू एकाच जागी दोन बिया टाकल्यास, आणि तू गळ्याशपथ सांगतेयस की एकच टाकली होती. तुझंच खरं आहे. हे मी नुसतं तुझी बाजू घ्यायची म्हणून सांगत नाहीये हं.

कागदी लिंबाच्या एका बीत पुष्कळदा एकापेक्षा जास्त अंकुर असतात. कधी दोन, कधी तीन. त्यातला एक फुलावर परागकण पडून झालेला असतो, म्हणजे त्याला आईही असते आणि बाबाही. बाकीचे अंकुर बीच्या आत आईच्याच पेशींतून उगवतात. त्यांना बाबा नसतातच! म्हणून ती रोपं मोठी झाली की डिट्टो आईसारखी निघतात: तीच पानं, तशीच फळं, तसाच आंबटपणा. हापूसची कोय लावलीस तर हापूसच येईल याची खात्री कुणी देत नाही, म्हणून तर कोकणात कलमं बांधतात. कागदी लिंबाचं तसं नाही. बियांच्या रोपांवर उभ्या असलेल्या लिंबाच्या बागा आपल्याकडे कितीतरी आहेत, त्या याच जोरावर.

आता तुझ्या दोघांतलं कोणतं कोण, हे नुसतं बघून छातीठोक सांगता येत नाही. रोपवाटिकेत एखादं रोप फारच मरतुकडं किंवा इतरांहून वेगळं दिसलं तर काढून टाकतात. तू मात्र दोघांनाही पाच-सहा पानांची होऊ दे. मग एखाद्या ढगाळ संध्याकाळी दोन्ही रोपं मातीसकट हळूच काढ आणि वेगवेगळ्या कुंड्यांत लाव. मुळं तुटली तर रोप काही दिवस रुसतं. त्याला तेव्हा सावलीत ठेव.

आणि मैत्रिणींना वाटायला म्हणून बिया वर्तमानपत्रावर उन्हात वाळत घातल्यास म्हणे? त्यातल्या फारशा उगवणार नाहीत गं. भोपळ्याच्या, काकडीच्या बिया वाळवून ठेवता येतात, लिंबाची बी वाळली की तिचा जीव जातो. लिंबू चिरलं, बी काढली, पाण्यात चोळून तिचा बुळबुळीतपणा घालवला, सावलीत जरा सुकवली आणि एक-दोन दिवसांत मातीत, असं करायचं. फळ कधी लागेल, हा तुझा तिसरा प्रश्न. बियांपासूनच्या झाडाला चार-पाच वर्षं तरी लागतात, कुंडीत त्याहून जास्तही. तोवर तू नववीत गेलेली असशील. पण तोंड पाडू नकोस. फळ येईपर्यंत बघण्यासारखं त्या झाडात इतकं काही आहे की मला राहुरीला येऊन शेती शिकताना त्यातलं निम्मंच कळलं.

एक पान तोड. एकच. ते उजेडासमोर धर आणि नीट बघ. टाचणीच्या टोकाएवढे असंख्य पारदर्शक ठिपके दिसतात ना? त्या तेलाच्या इवल्या इवल्या पिशव्या आहेत. पान चुरगाळल्यावर येतो तो वास त्यांचा. आता देवघरातलं बेलाचं पान असंच उजेडासमोर धरून बघ, मग कढीपत्त्याचं. सगळ्यांत ठिपके! लिंबू, बेल, कवठ, कढीपत्ता ही सगळी एकाच कुळातली मंडळी आहेत. चव एकाची दुसऱ्याला नाही, पण पान धरलं उजेडासमोर की नातं कळतं. पानाचा देठही बघ. त्याच्या दोन्ही बाजूंना बारीकसे पंख असतात. कागदी लिंबाला ते लहान, पपनसाला चांगले मोठे.

काट्यांचं म्हणशील तर ते पानाच्या बगलेतून निघतात आणि बियांपासून आलेल्या कोवळ्या झाडाला जरा जास्तच असतात. मला वाटतं झाडाचं बरोबर आहे. इतकी रसरशीत कोवळी पालवी गुरंशेळ्यांच्या तोंडाच्या उंचीवर घेऊन उभं राहायचं तर काहीतरी हत्यार हवंच. झाड वाढलं की वरच्या फांद्यांचे काटे कमी होत जातात. तुला खुपतात म्हणून ते कापत बसू नकोस, कुंडी दाराच्या वाटेतून हलव.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. एक दिवस तुला कोवळ्या पानावर चिमणीची शीट पडलेली दिसेल. काळपट, मध्ये पांढरा डाग, ओली ओली चकचकीत. तू काडीने ती काढायला जाशील, आणि ती शीट मागे वळून तुझ्याकडे बघेल! ती अळी आहे. लिंबाच्या फुलपाखराची. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिने पक्ष्यांच्याच शिटेचं सोंग घेतलेलं असतं. स्वतःची शीट कोण खाणार? थोडी मोठी झाली की हे सोंग पुरत नाही, कारण बोटाएवढी शीट कुठल्या चिमणीची? मग कात टाकून ती हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. तिला काडीने हळूच डिवचलंस तर डोक्याच्या मागून नारिंगी-लाल रंगाचं दुबेळकं शिंग झटकन बाहेर येतं आणि एक उग्र वास सुटतो. हे शिंग टोचत नाही, चावत नाही, नुसता वास मारतं. मुंगीला किंवा गांधीलमाशीला पळवायला तेवढं पुरतं. आमच्या वर्गात पहिल्यांदा ते बघून एक दांडगट मुलगा बाकावरून उठून मागे पळाला होता. नाव सांगणार नाही, तो आता माझ्याच प्रकल्पात आहे.

मग ती खायची थांबते, फांदीला कमरेभोवती रेशमाचा पट्टा बांधून टेकते आणि कोष करते. आतून निघतं ते काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं, मागच्या पंखावर लाल टिकली असलेलं फुलपाखरू. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिनाभर. आता खरी पंचाईत अशी की तुझं रोप एवढंसं आहे आणि अळ्या मोठ्या खादाड. तीन-चार मिळून सगळी पानं फस्त करतील. बागवाले म्हणूनच नव्या रोपांवरच्या अळ्या हाताने वेचतात. तुला मारवत नसेल तर मारू नकोस. अळी असलेलं पान अलगद तोड आणि आजीच्या कढीपत्त्यावर नेऊन ठेव. कढीपत्ता तिला चालतो. आजीला आधी विचार मात्र. मी न विचारता हे सुचवलं असं तिला कळलं तर दिवाळीला माझं काही खरं नाही.

दुसरा एक पाहुणा दिसणार नाही, त्याची वाट दिसेल. कोवळ्या पानावर चांदीच्या रंगाची नागमोडी रेघ उमटली आणि पान आक्रसलं, की समज नागअळी पानाच्या सालीखाली बोगदा खणतेय. तसं पान काढून टाक. आणि पानांवर, फळांवर तपकिरी खरबरीत फोड, भोवती पिवळी कडा, असं दिसलं तर तो खैऱ्या. एका जिवाणूमुळे होतो, पावसाच्या थेंबांबरोबर उडतो, नागअळीने केलेल्या जखमांतून सहज आत शिरतो. कागदी लिंबाला तो फार छळतो. राहुरीला 'साई शरबती', अकोल्याला 'पीडीकेव्ही लाईम', परभणीला घोसाने लागणारी 'प्रमालिनी' आणि 'विक्रम' असे जे लिंबाचे वाण निघाले, ते निवडताना रसाबरोबर हाही विचार असतो की झाड रोगाला किती दाद देतं. डागाळलेलं लिंबू बाजारात मार खातं, आतला रस कितीही चांगला असला तरी. ते मला अजिबात पटत नाही. घरात वापरायला डागाचं लिंबू खुशाल घ्यावं.

पाणी घालताना बुंध्यावर ओतू नकोस. लिंबाच्या बुंध्याला पाण्यात उभं राहणं सोसत नाही, साल कुजते आणि डिंक गळायला लागतो. शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात. म्हणून बागेत झाडाभोवती दोन आळी करतात. आतल्या आळ्यात बुंधा कोरडा राहतो आणि बाहेरच्या आळ्यात पाणी. नगरकडे जाताना गाडीतून तुला निळसर पांढरे रंगवलेले बुंधे दिसले होते आणि तू विचारलं होतंस की हे सजवलेत का. सजवलेले नाहीत. तो मोरचूद आणि चुन्याचा लेप, बोर्डो पेस्ट, बुरशीला दूर ठेवायला. तुझ्या कुंडीला एवढं सगळं नको. खाली भोक मोकळं ठेव, माती वरून कोरडी झाली की पाणी दे, आणि दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा दे. प्रेमाने रोज दोन तांबे ओतशील तर मुळं गुदमरतील.

फुलं येतील तेव्हा बाल्कनीत झोपावंसं वाटेल इतका वास येतो. पांढरी, चार-पाच पाकळ्यांची, मध्ये पिवळ्या केसरांचा झुपका. त्यातली बरीचशी गळतील. गोळीएवढी झालेली फळंही गळतील. तेव्हा रडत मला फोन करू नकोस. झाड जेवढी पोसता येतील तेवढीच ठेवतं, बाकीची स्वतःच सोडून देतं.

लिंबू आडवं चीर. उभं चिरतो तसं नाही, आडवं. चाक दिसतं, आठ-दहा पाकळ्यांचं. प्रत्येक पाकळीत रसाच्या लांबट थैल्या. त्या थैल्या म्हणजे काय माहितेय? केस! फळ अगदी लहान असतं तेव्हा पाकळीच्या आतल्या भिंतीवर बारीक बारीक केस उगवतात, आणि तेच पुढे रस भरून फुगतात. म्हणजे सरबत पिताना आपण पिळलेले केस पितो. हे बाबांना सरबताचा पहिला घोट घेताना सांग. लिंबू चिरण्याआधी ओट्यावर तळहाताखाली दाबून लोळवलं की यातल्या बऱ्याच थैल्या आतच फुटतात, म्हणून रस जास्त निघतो. पिळताना बिया मात्र ठेचल्या जाऊ देऊ नकोस आणि साल फार दाबू नकोस, सरबत कडवट होतं.

सालीत वेगळंच प्रकरण आहे. तिथे तेलाच्या पिशव्या, पानात होत्या तशाच, पण मोठ्या. वाढदिवसाचा एक फुगा चांगला टम्म फुगव आणि सालीचा तुकडा त्याच्याजवळ धरून दुमड, म्हणजे तेलाचा फवारा फुग्यावर उडेल. फाट्! त्या तेलात लिमोनीन असतं, ते रबर विरघळवतं. फुगा पातळ झालेल्या जागी फुटतो. सालीचा फवारा मेणबत्तीवर उडवून ठिणग्या पाडायचा खेळ कुणी शिकवला तर तो मात्र मोठं माणूस जवळ नसताना खेळू नकोस, कारण ते तेल पेट घेतं.

आता आंबटपणा. लिंबाच्या रसात शंभर भागांत सहा-सात भाग सायट्रिक आम्ल असतं, फळांच्या मानाने हे खूपच झालं. 1784 मध्ये शील नावाच्या स्वीडनमधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने लेमनच्या, म्हणजे तिकडच्या जाड सालीच्या लिंबाच्या, रसातून ते पहिल्यांदा वेगळं काढलं, पण आपल्या आज्या त्याच्याशी फार आधीपासून खेळतायत. आजी तांब्याचा तांब्या लिंबाची साल आणि मीठ लावून घासते तेव्हा तांब्यावरचा काळा थर आम्लात विरघळतो आणि खालचा लाल धातू उघडा पडतो. तीच आजी बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात लिंबू पिळलेलं काहीही ठेवू देत नाही. कळकेल म्हणते. दोन्हींत घडतं ते एकच. भांड्यावर ते आपल्याला हवं असतं आणि पोटात नको असतं, एवढाच काय तो फरक. म्हणून लोणचं चिनी मातीच्या बरणीत.

हळदीचा प्रयोग करून बघ. पांढऱ्या फडक्यावर हळदीचा डाग पाड, त्यावर साबण लाव. डाग लाल होतो. आता वर लिंबू पिळ, परत पिवळा! पूर्वी कुंकूसुद्धा हळकुंडापासून करत, लिंबाचा रस आणि टाकणखार वापरून. फडकं जुनं घे. हे मी दोनदा सांगतेय असं समज.

जवळ ये जरा, हे आईसमोर बोलणार नाही. तुझ्या वर्गातली ती मोठी मुलगी तोंडाला लिंबू चोळते, गोरं व्हायला, असं तू म्हणत होतीस ना? तिला सांग, किंवा तिला सांगायची हिंमत नसेल तर निदान तू ऐक. लिंबाच्या रसात आणि विशेष करून सालीत काही द्रव्यं असतात, ती कातडीवर लागली आणि वरून ऊन पडलं की कातडी भाजते. अक्षरशः. लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी लाल होते, कधी फोड येतात, आणि मग काळपट डाग उरतो तो आठवडेच्या आठवडे जात नाही. उजळ व्हायला म्हणून लावायचं आणि डाग घेऊन बसायचं! आपला रंग छान आहे गं. तो आजीचा रंग आहे, आणि आजी किती देखणी आहे हे तिचे जुने फोटो बघ म्हणजे कळेल. उन्हाळ्यात गच्चीवर सरबत करायला बसाल तेव्हाही लिंबं पिळून झाली की हात साबणाने धुवायचे, मगच उन्हात खेळायला जायचं.

मीठ लावून लिंबाची फोड चोखत बसायची तुझी सवयही कमी कर. आंबटाने दातावरचा कडक थर मऊ होतो. कधीतरी खाल्लंस तर काही बिघडत नाही, पण मग चूळ भर, आणि लगेच ब्रश घासू नकोस, तासभर जाऊ दे.

एवढं भिववलं, आता एक गोष्ट सांगते. फार पूर्वी महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, दात हलायचे, जुन्या जखमा उघडायच्या आणि ती माणसं मरायची. स्कर्व्ही. ताजी फळं-भाजी न मिळाल्यामुळे क जीवनसत्त्व कमी पडून हे होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. 1747 मध्ये 'सॅलिसबरी' या इंग्लिश जहाजावर जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशी घेतले, त्यांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सायडर, एकीला व्हिनेगर, एकीला चक्क समुद्राचं पाणी असं करत प्रत्येकीला काहीतरी वेगळं दिलं. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लेमन. सहा दिवसांत फळं संपली, पण तोवर त्या जोडीतला एक जण कामावर जायला उभा राहिला होता. तरी आरमाराने लेमनचा रस सरसकट द्यायला 1795 उजाडलं. मोठी माणसं कधी कधी अशीच असतात. समोर दिसत असतं तरी पन्नास वर्षं लावतात.

पण खरी गंमत पुढे आहे. 1860 च्या दशकात इंग्रजांनी भूमध्य समुद्राकडचं जाड सालीचं लेमन सोडून वेस्ट इंडीजमधल्या आपल्या वसाहतींतलं लिंबू घेतलं, म्हणजे आपल्या कागदी लिंबाचंच भावंड. जास्त आंबट, म्हणजे जास्त गुणकारी, असा हिशेब. तो चुकला. आपलं लिंबू आंबट जास्त, पण क जीवनसत्त्व त्यात लेमनच्या साधारण निम्मंच, आणि रस साठवताना त्यातलंही उडून जायचं. ध्रुवाकडे जाणाऱ्या मोहिमांत स्कर्व्ही परत उगवला आणि लोक म्हणायला लागले की फळाचा न् रोगाचा काही संबंधच नसावा. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, 1918 च्या सुमाराला, लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी बायकांनी गिनिपिगांवर दोन्ही रस तपासले आणि दाखवून दिलं की लिंबाचा रस लेमनच्या रसाच्या जवळपासही पोचत नाही. ही बाई मला फार आवडते. पुरुष लढाईवर गेलेले असताना प्रयोगशाळेत बसून तिने पन्नासेक वर्षांचा गोंधळ सोडवला. तू रोज ताजं लिंबू खातेस, वर पेरू, आवळा, कोथिंबीर, त्यामुळे तुला काळजी नाही. फक्त पोह्यांवर लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं. क जीवनसत्त्वाला आच सोसत नाही, आणि वासही उडून जातो.

भावंड म्हटलं म्हणून सांगते, लिंबाचे आईबाप कोण हेही शास्त्रज्ञांनी शोधलंय. कागदी लिंबू म्हणजे फिलिपिन्सकडच्या एका रानटी, बारक्या फळाचा आणि महाळुंगाचा संकर. महाळुंग तू बघितलंयस. म्हणजे, ज्याने कोल्हापूरच्या अंबाबाईचं दर्शन घेतलंय त्याने ते बघितलंयच, देवीच्या खालच्या उजव्या हातात असतं ते फळ. जाड सालीचं, खडबडीत, रस थोडाच. लेमनही महाळुंगाचंच पोर, पण दुसऱ्या पालकाकडून. तिथे आंबट संत्रं आलं मध्ये. म्हणून लिंबू आणि लेमन ही सावत्र भावंडं म्हणायला हरकत नाही.

परवा शाळेच्या वाटेवर चौकात कापलेलं लिंबू, कुंकू, वर टाचण्या, असं पडलेलं दिसलं आणि तू लांबचा वळसा घेऊन गेलीस, हे मला बाबांकडून कळलं. भीती वाटली म्हणून तुला कुणी हसायचं नाही. मला तुझ्या वयात तसंच वाटायचं. पण मी आता बागांत राहते, ढिगाने लिंबं बघते, आणि सांगते की त्या लिंबातही तेच आम्ल, तेच केस, त्याच बिया. कुणीतरी घरातल्या आजारपणाला, अडचणीला कंटाळून ते तिथे टाकलेलं असतं. ओलांडलंस तर काही होत नाही. टाचणी लागेल म्हणून पाय मात्र जपून टाक, आणि उचलून खाऊ नकोस, कारण चौकातल्या धुळीत पडलेलं काहीच खायचं नसतं. दुकानांच्या दारावर शनिवारी लिंबू-मिरची टांगतात त्याचा राग मला वेगळ्याच कारणाने येतो: शेतकऱ्याने वर्षभर जपलेलं फळ उन्हात सुकत टांगायचं आणि आठवड्याने रस्त्यावर फेकायचं. सरबत करा की त्याचं!

हो, आणि तुझी तक्रार. भाजीवाल्या मावशी कोथिंबीर वरून फुकट टाकतात, कढीपत्ता टाकतात, मग मे महिन्यात एक लिंबू जास्त मागितलं तर डोळे का वटारतात? ऐक. लिंबाला वर्षभर थोडी थोडी फुलं येत राहतात, पण मोठे बहर तीन. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया, त्याची फळं पावसाळ्यात. जून-जुलैत मृग, त्याची फळं हिवाळ्यात. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त, त्याची फळं ऐन उन्हाळ्यात. लोकांना लिंबू हवं असतं उन्हाळ्यात, आणि नेमका हस्त बहरच धरायला सगळ्यात अवघड. का, तर झाडाला भरपूर फुलं यावीत म्हणून आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. त्याला ताण देणं म्हणतात. पानं जरा मलूल होतात, काही गळतात, झाडाची वाढ थांबते. मग खत आणि पाणी दिलं की ते फुलांनी भरून जातं. परीक्षेआधी टीव्ही बंद केल्यावर तू कशी अभ्यासाला लागतेस, तसंच काहीसं. पण हस्त बहराला ताण द्यायचा तो ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि तेव्हा वरून पाऊस कोसळत असतो. पावसाला कोण सांगणार की माझ्या झाडाचं पाणी तोड? म्हणून त्या बहरात लिंबं थोडी, आणि मागणी सगळ्यांची. 2022 च्या एप्रिलमध्ये तर एकेक लिंबू दहा रुपयांच्या वर गेलं होतं. बाबा तेव्हा अर्धं लिंबू फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायचे, तू तेव्हा फार लहान होतीस.

तर मावशींकडून घेताना एवढं बघ: साल पातळ आणि तुकतुकीत, हातात जड लागणारं, दाबल्यावर किंचित दबणारं. हिरवं कडक घेऊ नकोस. बाजारात हिरवी जास्त दिसतात ती प्रवासात टिकावीत म्हणून लवकर काढलेली असतात; झाडावर राहू दिलं तर तेच लिंबू पिवळं होतं आणि रसाने भरतं. पिवळी दोन दिवसांत वापरायची असतील तर बिनधास्त घे, ती स्वस्तही देतात. आणि जास्तीचं लिंबू मागायचंच असेल तर मे महिन्यात नाही, जुलै-ऑगस्टमध्ये माग. तेव्हा आंबियाची फळं ढिगाने आलेली असतात, मावशी एक काय, दोन टाकतील.